उभ्या माणसाचा कोड

सविता भोयेने नऊ वर्षांत एकाही रुग्णाचं तोंड पाहिलं नव्हतं, पण तिच्या नजरेखालून लाखाच्या वर रुग्ण गेले होते. नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती मेडिकल कोडिंगचं काम करायची. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावातला डॉक्टर रुग्णाला तपासून जे लिहून ठेवायचा, ते इकडे तिच्या पडद्यावर यायचं. ते वाचायचं आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला कोड द्यायचा. एक इंग्रजी अक्षर, पुढे आकडे. दिवसाला ऐंशी-नव्वद माणसं अशी आकड्यांत बसवून ती संध्याकाळी पाथर्डी फाट्याच्या आपल्या दोन खोल्यांत परत यायची.

ती मूळची सुरगाण्याकडची. वडील झिपरू भोये भात-नागलीची शेती करायचे. सविता आश्रमशाळेत शिकली. तिच्या प्रश्नांना गुरुजी कंटाळले होते, हे गावात अजून सांगतात. चौथीत असताना तिने विचारलं होतं, की रस्त्यावरच्या दगडांवर सुरगाण्याचा आकडा कमी कमी होत जातो, तर शून्याचा दगड कुठे आहे? गुरुजींनी गप्प बस म्हणून सांगितलं. रविवारी ही पोरगी एकटीच तो दगड शोधायला निघाली आणि तिन्हीसांजेला कोणाच्या तरी बैलगाडीतून परत आली. दगड काही सापडला नव्हता. झिपरूने तिला मारलं नाही. एवढंच म्हणाला, "पुढच्या टायमाला सांगून जा. मीबी येतो."

नाशिकला येऊन तिने रसायनशास्त्रात बीएस्सी केलं, सहा-सात वर्षं एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळली, मग सहा महिन्यांचा कोर्स करून या कामाला लागली. लग्नाचा विषय दोनदा निघाला आणि दोनदा मिटला. आता ती अडतीस वर्षांची होती आणि लोकांनी विचारायचं सोडलं होतं.

ऑफिसात बाकीच्यांसाठी कोड म्हणजे कोड. सविताला मात्र वाटायचं, हे कोड कोणी हौस म्हणून केलेले नाहीत. जगात कुठेतरी, कोणाला तरी, ते झालेलं असणार. पोपट चावल्याचा कोड आहे. तो कसा काय लागला असेल? डबा खाऊन झाला, की उरलेली वीस मिनिटं ती कोडांच्या यादीत फिरायची. शेजारच्या मुली मोबाइल बघायच्या आणि ही यादी बघायची.

लघवीतून प्रोटीन जाण्याचा कोड तिच्या रोजच्या ओळखीचा. आर ८०. त्याच्या पोटात सहा घरं आहेत. नुसतंच जातं त्याचं एक, कायम जातं त्याचं एक, अशी. पण डॉक्टर बहुतेक वेळा फक्त 'लघवीत प्रोटीन' एवढं लिहून मोकळे होतात. कुठल्या प्रकारचं, हे लिहीतच नाहीत. मग सगळं जातं शेवटच्या घरात, आर ८०.९, म्हणजे प्रकार सांगितलेला नाही. नऊ वर्षांत सविताने तो कोड किती वेळा दिला असेल, याला गणती नव्हती. आणि त्याच कपाटातलं एक घर, आर ८०.२, तिने एकदाही उघडलं नव्हतं. तिथे एक अवघड शब्द होता, ऑर्थोस्टॅटिक. तिने शब्दकोश काढून बघितला. अर्थ होता, उभं राहण्यामुळे होणारं. माणूस आडवा असताना प्रोटीन जात नाही, उभा राहिला की जातं. बरेचदा तरुण, उंच, सडपातळ मुलामुलींमध्ये दिसतं, आणि त्यातून काही बिघडत नाही.

हे वाचून ती दोन दिवस त्याच विचारात होती. माणूस उभा आहे की आडवा, याच्याशी मूत्रपिंडाला काय देणंघेणं? तिने तिच्या टीमचे प्रमुख किशोर सर यांना विचारलं. किशोर सर स्वभावाने चांगले, पण कामाचा आकडा डोक्यावर असलेले. त्यांनी तिला कोर्समध्येच शिकवलेला नियम परत सांगितला. डॉक्टरने लिहिलं तेवढंच खरं, निदान आपण करायचं नाही. शंका आली तर डॉक्टरला प्रश्न पाठवायचा, आणि त्या प्रश्नात उत्तर सुचवायचं नाही. "आपण विचारायचं, सांगायचं नाही," असं ते नेहमी म्हणायचे. सविताने मान डोलावली आणि कामाला लागली.

फेब्रुवारीच्या शेवटी, एका गुरुवारी संध्याकाळी, तिच्या दारात चिमणाबाई उभी होती. चिमणाबाई तिच्याच पाड्यावरची, चौथीपर्यंत एका बाकावर बसलेली मैत्रीण. पुढे तिचं लग्न झालं, आणि दर हिवाळ्यात ती नवरा मोतीरामबरोबर दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत मजुरीला येऊ लागली. आज तिच्यामागे तिची मुलगी निकिता होती. एकोणीस वर्षांची, आईपेक्षा हातभर उंच, बांबूसारखी सरळ आणि बारीक. दोघींचे चेहरे उतरलेले होते.

चहा होईपर्यंत चिमणाबाईने पिशवीतून तीन कागद काढून मांडीवर ठेवले. मग कपाला हात न लावता तिने सगळं सांगितलं. निकिता वनरक्षकाच्या भरतीला उतरली होती. लेखी पास झाली, तीन किलोमीटर धावण्यात पहिल्या दहांत आली, उंची बसली. राहिली फक्त वैद्यकीय तपासणी. तिथे लघवीच्या रिपोर्टवर 'अल्ब्युमिन', म्हणजे प्रोटीनच, या शब्दापुढे दोन अधिक चिन्हं आली. तपासणाऱ्या डॉक्टरने नीट सांगितलं होतं, की बाद केलेलं नाही, पण महिन्याभरात किडनीच्या डॉक्टरचा दाखला आण, मग बघू.

किडनी हा शब्द चिमणाबाईच्या घरात नवा नव्हता. तिचा धाकटा भाऊ बारकू तीन वर्षांमागे याच दुखण्याने गेला होता. आठवड्यातून दोनदा त्याला नाशिकला आणून यंत्राला लावावं लागे. तोंड एवढं सुजायचं, की शेवटी शेवटी आईलाही तो ओळखू येईना. त्याचंही पहिल्यांदा असंच लघवीच्या रिपोर्टवरून कळलं होतं.

तपासणीहून परतल्यावर चिमणाबाईने पोरीला खाटेवरून उठू दिलं नव्हतं. मीठ बंद केलं, एका जाणत्या म्हातारीकडून मुळी आणून तिचा काढा सुरू केला. आठ दिवसांनी सकाळी उठल्या उठल्या घरीच बाटली भरली, मोतीरामने ती मोटरसायकलवरून सुरगाण्याच्या लॅबला नेली. रिपोर्ट आला, अल्ब्युमिन निल. पाड्यावर सगळ्यांना वाटलं, मुळी लागू पडली. मोठ्या लॅबचा शिक्क्याचा रिपोर्ट हवा म्हणून मायलेकी आज सकाळी एसटीने नाशिकला आल्या. तिथे बाटली दिली, दुपारी कागद हातात पडला. पुन्हा दोन अधिक.

"सुरगाण्यात नाय, नाशकात हाय," चिमणाबाई म्हणाली. "हे कसलं दुखनं हाय गं? पोरीला मी परत न्यू का दवाखान्यात टाकू? तू रोज डॉक्टरांचं लिवलेलं वाचतीस. मला खरं सांग."

सविताने तिन्ही कागद चटईवर एकापुढे एक मांडले. कामावर ती रुग्णाचे कागद असेच वाचायची, तारखेने. पण तारखांवरून काही कळेना. तेव्हा तिने निकिताला विचारलं, की प्रत्येक वेळी बाटली किती वाजता भरलीस, आणि त्याच्या आधी काय करत होतीस.

निकिता आठवून आठवून सांगू लागली. भरतीच्या दिवशी सकाळी सातपासून मुलींची रांग होती. बसायला जागा नव्हती, तिचा नंबर दीड वाजता लागला. सुरगाण्याची बाटली अंथरुणातून उठून थेट. आणि आज एसटीला गर्दी होती, दिंडोरीपर्यंत उभ्याने आली, मग सीबीएसच्या एसटी स्टँडवरून लॅबपर्यंत चालत, तिथे पुन्हा रांग.

सविताने तिन्ही कागदांवर बोट फिरवलं. उभी, आडवी, उभी. नऊ वर्षं बंद असलेलं ते घर तिच्यासमोर चटईवर मांडी घालून बसलं होतं आणि चहात बिस्किट बुडवत होतं. तिला एकदम आनंद झाला, आणि लगोलग त्या आनंदाची लाज वाटली. समोर बाई भावाच्या आठवणीने अर्धमेली झालेली, पोरीची नोकरी टांगणीला लागलेली, आणि आपल्याला कोडं सुटत आल्याची मजा वाटते आहे. शिवाय आपण चुकत असलो तर? दोन अधिक चिन्हांमागे खरंच बारकूसारखं काही असलं, आणि आपल्या शब्दावर या बायका निर्धास्त होऊन घरी गेल्या, तर?

म्हणून ती त्यातलं काहीच बोलली नाही. एवढंच म्हणाली, "मला माहीत नाही. पण उद्या मी सुट्टी घेते. आपण किडनीच्या डॉक्टरकडे जाऊ."

शरणपूर रोडवर डॉ. कापडणीसांचा दवाखाना होता. पन्नाशीचे गृहस्थ, मूळचे सटाण्याकडचे, बोलणं कमी आणि लिहिणं भरभर. त्यांनी निकिताचा रक्तदाब घेतला, पाय दाबून सूज बघितली, घरात कोणाला काय आहे ते विचारलं. बारकूचं नाव निघालं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी आली. तीन रिपोर्ट त्यांनी पत्त्यांसारखे हातात धरले आणि म्हणाले, की दोन लॅबचे आकडे असे मागेपुढे होतात, सुरगाण्याच्या लॅबची तपासायची पट्टी जुनी असू शकते. आपण सगळ्या तपासण्या पहिल्यापासून करू. रक्त, सोनोग्राफी, चोवीस तासांची लघवी. गरज पडली तर किडनीचा तुकडाही काढून तपासावा लागेल.

तुकडा म्हटल्यावर चिमणाबाईने निकिताचा दंड धरला.

सविता खुर्चीच्या टोकावर आली. शब्द जिभेवर होता. ऑर्थोस्टॅटिक. तो उच्चारला असता तर कदाचित डॉक्टर चिडले असते, इंटरनेट वाचून येणाऱ्यांचा त्यांना कंटाळा असणारच. पण ती थांबली ती त्या भीतीने नाही. नऊ वर्षांची सवय होती. तिने मनातल्या मनात प्रश्न जुळवला, त्यातून स्वतःचं उत्तर काढून टाकलं, आणि मग बोलली.

"सर, एक विचारू का? या तीनही वेळी बाटली भरायच्या आधी ही मुलगी काय करत होती, त्याचा रिपोर्टशी काही संबंध असू शकतो का?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी सविताकडे पाहिलं, मग निकिताकडे वळून तेच सगळं विचारलं जे काल सविताने विचारलं होतं. निकिताने रांग सांगितली, खाट सांगितली, एसटी सांगितली. डॉक्टरांनी तिला उभं राहायला सांगितलं आणि पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, जसं पहिल्यांदा बघत असावेत.

"तुम्ही काय करता?" त्यांनी सविताला विचारलं.

"मेडिकल कोडिंग."

"म्हणजे तुम्हाला उत्तर माहीत होतं."

"कोड माहीत होता, सर," सविता म्हणाली. "उत्तर देणं माझं काम नाही."

डॉक्टर हसले नाहीत, पण कागदावरच्या दोन तपासण्या त्यांनी खोडल्या आणि दोन बाटल्या मागवल्या. एकीवर एक लिहिलं, दुसरीवर दोन. रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी करायचीच, ते म्हणाले, कारण मामाचा इतिहास आहे, अंदाजावर दाखला देणार नाही. पण आधी हे. आज झोपायच्या आधी लघवीला जाऊन यायचं. मग आडवं व्हायचं ते सकाळपर्यंत. उद्या जाग आली, की उठून एक पाऊलही चालायच्या आत पहिली बाटली. त्यानंतर दुपारपर्यंत उभं राहायचं, फिरायचं, आणि मग दुसरी.

शनिवारी सकाळी सविताच्या घरात जे झालं, त्याची आठवण निघाली की तिघी अजून हसतात. चिमणाबाईने पहाटेच उठून अंथरुणाशेजारी बादली ठेवली, बाटली ठेवली, आणि स्वतः उशापाशी राखण करत बसली. निकिताने कूस बदलली तरी ही म्हणायची, उठू नको. सविताला आतल्या खोलीत घालवून दार लावून घेतलं. पहिली बाटली भरली तेव्हा चिमणाबाईने ती दोन्ही हातांनी अशी बाहेर आणली, जसं तुपाने भरलेलं भांडं आणावं.

मग निकिता उभी राहिली. नुसतं उभं राहायला जमेना, म्हणून तिने सविताची भांडी घासली, ओटा पुसला, पंखा पुसला. ते संपल्यावर ती आणि सविता फाट्यावरून भाजी आणायला गेल्या. परत आल्यावर निकिता गॅलरीत कठड्याला धरून उभी राहिली आणि हायवेवरच्या गाड्या मोजू लागली. सविता शेजारी उभी होती. तिने निकिताला विचारलं, भीती वाटते का. निकिता म्हणाली, परवा वाटत होती. काल तुम्ही विचारलंत तेव्हापासून आपल्यालाच बघायची घाई झाली आहे, की काय निघतं. एक वाजता दुसरी बाटली भरली, आणि सविता रिक्षाने दोन्ही घेऊन गेली.

सोमवारी सगळे रिपोर्ट आले. पहिल्या बाटलीत काही नव्हतं. दुसरीत दोन अधिक. रक्त चांगलं, सोनोग्राफी चांगली, रक्तदाब चांगला. डॉ. कापडणीसांनी कागद दोनदा तपासले आणि आपल्या गावच्या बोलीत चिमणाबाईला म्हणाले, "ताई, काही नही शे."

पण चिमणाबाई एवढ्यावर उठणारी नव्हती. तिने विचारलं, की काही नाही तर मग ते जातं कशाने. डॉक्टरांनी पेन बाजूला ठेवलं. द्राक्षाच्या बागेत ठिबकची नळी बघितली आहे ना, त्यांनी विचारलं. सपाट पडलेली असते तोवर पाणी बेताने थेंब थेंब जातं. मध्येच कुठे दबली, की मागचा दाब वाढतो आणि जिथून झिरपू नये तिथून झिरपतं. काही अंगाने बारीक, उंच पोरांमध्ये उभं राहिलं की किडनीची शीर थोडी दबते, असं म्हणतात. आडवं झालं की मोकळी होते. तिच्या मामाचं दुखणं वेगळं होतं, हे वेगळं आहे. वय वाढेल तसं बहुतेकांचं आपोआप थांबतं. वर्षातून एकदा असंच दोन बाटल्यांत तपासायचं, बाकी काही नाही. मीठ खाऊ द्या तिला.

"असं म्हनतात, म्हंजे?" चिमणाबाईने लावून धरलं. "तुमाला पक्कं ठाव नाय?"

"सगळ्यांच्या बाबतीत हेच कारण असतं, हे पक्कं माहीत नाही," डॉक्टरांनी कबूल केलं. "त्याने धोका नाही, हे मात्र पक्कं माहीत आहे."

चिमणाबाईला हे उत्तर पटलं. सविताला पुढे ती म्हणाली, की हा डॉक्टर खरा, येत नाही ते येत नाही म्हणतो.

दाखला लिहिताना डॉक्टरांनी तो शब्द निळ्या शाईने लिहिला, त्याच्यापुढे 'नोकरीस योग्य' असं लिहिलं, शिक्का मारला. सविताने कागद हातात घेतला. तिचा पडदा असता तर आता तिने कोड दिला असता आणि पुढच्या माणसाकडे गेली असती. इथे पुढचं माणूस नव्हतं. तीच मुलगी होती, आणि ती दाराशी चपला शोधत होती. आजवर दिलेल्या त्या एवढ्या सगळ्या आर ८०.९ च्या मागे कोण कोण कुठल्या दाराशी उभं होतं, कोणाला कोणी काय विचारलं होतं आणि कोणाला काहीच विचारलं नव्हतं, हे सविताला आता कधीच कळणार नव्हतं.

दाखला मान्य व्हायला तीन आठवडे लागले. एप्रिलच्या सुरुवातीला निकिताचं नाव यादीत लागलं. मुळीचा काढा देणारी म्हातारी अजून म्हणते, की गुण तिच्याच मुळीचा, आणि चिमणाबाई तिला विरोध करत नाही.

ऑफिसात किशोर सरांच्या कानावर हे गेलं. त्यांनी सविताला बोलावून नवीन आलेल्या मुलामुलींना आर ८० चं पान शिकवायला सांगितलं. तिने नाव-गाव न सांगता तीन रिपोर्ट फळ्यावर लिहिले आणि खडू खाली ठेवला. अर्धा तास मुलं तारखा आणि लॅबची नावं ताडून बघत होती. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, मॅडम, यात वेळ का नाही लिहिलेली?

दिवाळीनंतर सविता पहिल्यांदाच सलग चार दिवसांची रजा घेऊन निकिताच्या नेमणुकीच्या जागी गेली. निकिता खाकी गणवेशात, हातात काठी घेऊन पुढे चालत होती. सविताला चढावर धाप लागली. ती थांबली की निकिता थांबायची आणि उभ्या उभ्या झाडांची नावं सांगायची. काही पाड्यावरच्या कोकणा बोलीतली, काही सरकारी वहीतली.

दुपारी ओढ्याच्या वरच्या अंगाला एका सादड्याच्या खोडावर त्यांना खोल, ओले ओरखडे दिसले. कमरेच्या उंचीला चार, आणि त्याच्याही वर, डोक्याच्या उंचीला, एक. निकिता म्हणाली, बिबट्याचे असते तर सगळे एका उंचीला असते. अस्वल इकडे कोणी बघितलेलं नाही. मग कशाचे, हे तिला माहीत नव्हतं. सविताने बोट लावून पाहिलं, चीक अजून चिकट होता. दोघींनी पिशव्या खाली ठेवल्या, झाडाला फेरी मारली, आणि मग खोडासमोर उकिडव्या बसून बराच वेळ बघत राहिल्या.